स्पिरिटचा बोळा

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते, ॲप्रनवर मोठा डाग पडला होता, आणि ती कॉरिडॉरमधून बेसिनकडे इतक्या रागाने निघाली होती की समोरून कोण येतंय हे तिला दिसलंच नाही. समोरून येणाऱ्याला मात्र ती दिसली. त्याने हातातला ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दोन ढांगांत तिच्यापाशी आला, तिचं मनगट धरून हात वर उचलला आणि तिला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. हे सगळं इतकं झटपट झालं की आपण का बसलो हे तिला बसल्यावरही कळेना.

"हात खाली करू नका. कुठे लागलंय?"

"कुठेच नाही."

"घाबरायचं नाही. कशाने कापलं, सांगा."

"अहो, रंग आहे हा."

त्याने अंगठ्याने तिच्या तळहातावरचा लाल ओघळ पुसून पाहिला. खालची कातडी धडधाकट होती. हसावं की ओशाळावं हे त्याला ठरवता येईना, आणि या गडबडीत मनगट सोडायचं राहूनच गेलं.

"मग गळतंय कुठून?" त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. गेल्या चार महिन्यांत भेटेल तो तिला चिप झाली का, पेपर लिहिला का, लग्नाचं काय ठरवलंस, असलं काहीबाही विचारायचा. गळतंय कुठून, हा साधा प्रश्न एकाही शहाण्या माणसाला सुचला नव्हता.

"जोडातून," ती म्हणाली. "नळी जिथे चिपमध्ये शिरते ना... तिथून."

तो खालच्या मजल्यावरच्या नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होता. नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणतात, त्या हिशोबाने त्याला अख्खं हॉस्पिटल ब्रदर म्हणायचं. ती त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेत, संशोधन करायची. वॉर्डात तिला 'चिपवाल्या मॅडम' म्हणायचे, कारण ती वर नेमकं काय करते हे कुणालाच नीट सांगता येत नसे.

ती करत होती ते असं. टपालाच्या तिकिटाएवढा एक पारदर्शक, रबरासारखा तुकडा काचेवर चिकटवायचा. त्या तुकड्याच्या पोटात केसापेक्षा बारीक वाटा कोरलेल्या. एका बाजूने बाळाच्या रक्ताचा एक थेंब आत सोडायचा, तो त्या वाटांनी फिरता फिरता तपासला जायचा, आणि मग पाण्याने वाटा धुऊन पुढच्या बाळाचा थेंब. चिप उत्तम होती. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी ती परदेशातल्या लोकांनाही दाखवली होती आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. पण रक्त (सरावात त्याऐवजी लाल रंग) आणि पाणी आत जाणार पंपाच्या नळीतून, नळी बसणार तुकड्याला पाडलेल्या भोकात, आणि पंपाचा जोर वाढला की नळीच्या बाजूने थेंब वर यायचा. मग दुसरा. मग आज झालं तसं, सगळंच. मॅडमच्या मते ही किरकोळ बाब होती. या किरकोळ बाबीत तिचे चार महिने गेले होते.

"बघू?" तो म्हणाला.

तिने हात धुतले आणि त्याला आत नेलं. परक्या माणसाला प्रयोगशाळेत न्यायची तिची पद्धत नव्हती, पण प्रश्न बरोबर विचारणाऱ्याला निदान टेबल तरी दाखवावं असं तिला वाटलं.

तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि चिपकडे न बघता नळीकडेच बघत राहिला. नळी पंपातून निघून टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि पुन्हा वर येऊन चिपमध्ये शिरत होती. रिळावरून कापलेली असल्यामुळे ती जिथे तिथे स्वतःहून वळायला बघत होती.

"हिला कुणीच धरलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सगळं ओझं त्या भोकावर आहे. आमच्याकडे सलाईन लावली की आम्ही नळीचा एक वळसा घेतो आणि तो टेपने हातावर चिकटवतो. बाळं लाथा मारतात. ओढ बसली तर ती वळशाला बसावी, सुईला नाही."

"माझी चिप लाथा मारत नाही," ती म्हणाली. आवाज जरा चढाच लागला.

"नळी मारते ना." त्याने एका बोटाने नळीला टिचकी दिली. नळी थरथरली, जोड इवलासा हलला आणि भोकाच्या काठावर एक लाल मणी उभा राहिला.

तिला राग आला. चूक दाखवली म्हणून आला असता तर ती लगेच विसरली असती. हा राग चूक इतकी सोपी होती म्हणून आला होता. चार महिने सूक्ष्मदर्शकात डोळे घातलेल्या माणसाला टेप शिकवायचा म्हणजे काय? तिने त्याचे कोरडे आभार मानले. तो गेला. आणि तिने हट्टाने जोडाला गोंद लावायला घेतला.

ती हट्टी होती, हे तिच्या घरात कुणाला नवीन नव्हतं. लहानपणी सायकल शिकताना तिने दोन्ही गुडघे फोडून घेतले होते, पण मागून धरायला आलेल्या ताईला हाकलून दिलं होतं. गोंदाचंही तसंच झालं. गोंद नळीच्या कडेने आत झिरपला आणि केसाएवढ्या वाटेत जाऊन बसला. पहिली चिप बुजली, दुसरी बुजली, तीन दिवसांत आठ चिपा बुजल्या. चौथ्या दिवशी दुपारी ती जिना उतरून वॉर्डाच्या दाराशी उभी राहिली.

तो कामात होता. त्याच्या हातात एक इवलंसं पाऊल होतं, त्याच्या अंगठ्यापेक्षा थोडंसंच मोठं. त्या टाचेवर आधीच्या टोचण्यांचे ठिपके होते, काही जुने, काही ताजे. त्याने टाच कापसाने पुसली, टोचली, आणि थेंबाथेंबाने एक छोटी बाटली भरू लागला. बाळ रडून लाल झालं. "झालं, झालं राजा, झालंच," असं तो म्हणत होता, पण झालं नव्हतं. बाटली अजून निम्मी रिकामी होती.

बाहेर आला तेव्हा त्याने मास्क खाली केला. चेहरा थकलेला होता.

"दिवसातून चार वेळा," तो म्हणाला. "याच्या अंगातलं सगळं रक्त चहाच्या कपात मावेल. त्यातलंच मी रोज काढतो."

तिने मान हलवली.

"तुमच्या चिपला एकच थेंब लागतो, खरं ना?"

"हो. सगळ्या तपासण्यांना मिळून एक."

"मग लवकर करा ती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विनंती नव्हती आणि हुकूमही नव्हता. तो अगदी साधं म्हणाला होता, म्हणूनच तिला ते लागलं.

"तो वळसा," ती म्हणाली, "मला शिकवाल?"

शिकवणी सुरू झाली ती त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, साडेबारा ते एक. तो डबा घेऊन वर यायचा. खाणं प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर, शिकणं आत. पहिल्या दिवशी त्याने आपल्या मनगटावर नळी टेपने चिकटवली, छोटासा वळसा ठेवला आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"ओढा."

तिने हलकेच ओढलं.

"हे काय ओढणं झालं? जोरात."

"दुखेल ना."

"नाही दुखणार, तेच तर दाखवतोय. ओढा बिनधास्त."

तिने झटका दिला. वळसा ताणला, टेपने तो पेलला, आणि मनगटावरचं टोक जागचं हललं नाही. दोघांनी एकदमच त्या टोकाकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे. तिने नळी खाली ठेवली आणि कारण नसताना चष्मा पुसायला घेतला.

मग तो तिला टेप कसा फाडायचा, त्याच्या कडा कशा दुमडायच्या, नळी कोमट पाण्यात ठेवून तिचा वाकडेपणा कसा घालवायचा हे दाखवू लागला. तिने त्याला सूक्ष्मदर्शकातून चिपच्या वाटा दाखवल्या. तो पहिल्यांदा वाकला तेव्हा डोळा काढायलाच तयार नव्हता. मग म्हणाला, "एवढ्याशा गल्ल्यांतून जायचं रक्ताने... आणि चुकत नाही?" तिला त्या प्रश्नाचा इतका आनंद झाला की तिने उत्तर द्यायला वीस मिनिटं घेतली आणि त्याचा डबा तसाच राहिला.

एक अडचण मात्र होती. त्याला हाक काय मारायची? ब्रदर हा शब्द तिच्या तोंडातून निघेना. पहिल्या दिवशी निघाला असता, आता शक्यच नव्हतं. त्यामुळे ती नुसतं "अहो, ऐका ना" म्हणायची. एकदा वॉर्डाच्या दारातून तिने अशीच हाक मारली तेव्हा आतल्या दोघी सिस्टर एकमेकींकडे बघून हसल्या, आणि एकीने त्याला मोठ्याने सांगितलं की जा, घरून बोलावणं आलंय. तो कानापर्यंत लाल झाला. तिने जिन्यावरून वर जाताना ही गोष्ट तीनदा आठवली आणि तिन्ही वेळा एकटीच हसली.

घरी ताईच्या नजरेतून काही सुटत नसे. तिने बहिणीच्या मनगटावर चिकटून राहिलेला टेपचा तुकडा बघितला आणि लागलं का, म्हणून विचारलं. नाही, सराव करत होते, असं उत्तर मिळाल्यावर ताईने पोळी लाटता लाटता एवढंच म्हटलं, की सराव चांगला चाललेला दिसतो.

चाचणीचा दिवस ठरला. वॉर्डाशेजारच्या खोलीत, समितीसमोर, चिप सलग सहा तास चालली पाहिजे आणि एक थेंबही सांडता कामा नये. समितीत मोठे डॉक्टर, मेट्रनबाई आणि यंत्रं तपासणारे एक इंजिनिअर. सांडलं तर आणखी एक संधी. तेव्हाही सांडलं तर चिप वॉर्डात येणार नाही, प्रकल्प बंद. बाळांचं रक्त चाचणीत वापरायचं नव्हतं. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त चालणार होतं.

त्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून ढकलगाडीवरून सगळं खाली आणलं. नळ्या सरळ होत्या, वळसे जागेवर होते, टेपच्या कडा दुमडलेल्या होत्या. ती वहीत वेळ लिहायला वळली. पंप सुरू झाला. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मेट्रनबाईंनी कौतुकाने काहीतरी म्हटलं. बाराव्या मिनिटाला बाहेर पडणाऱ्या वाटेत एक गाठ अडकली, आत जोर वाढला, आणि आत जाणारी नळी भोकातून अलगद बाहेर आली. तिच्यातून उडालेलं रक्त मोठ्या डॉक्टरांच्या पांढऱ्या बुटांवर जाऊन पडलं.

इंजिनिअरने नळीचं टोक हातात घेऊन चोळलं आणि वास घेतला.

"याला काय लावलंय?"

"काही नाही," ती म्हणाली.

"स्पिरिट," ब्रदर म्हणाला. तो एक पाऊल पुढे आला होता. "मी पुसलं. पंप सुरू व्हायच्या आधी, दोन्ही जोड सोडवून, पुसून पुन्हा बसवले. वॉर्डात कुठलाही जोड लावायचा तर आधी स्पिरिटने पुसतो... हात आपोआप गेला."

त्याला पुसताना कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प राहिला असता तर पत्ता लागला नसता. हे तिच्या लक्षात नंतर आलं. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त ते बूट होते.

"हे वॉर्ड नाहीये," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमच्या सवयी तुमच्याजवळ ठेवा. माझ्या चिपला पुन्हा हात लावू नका."

त्याने मान डोलावली, फडकं आणलं, जमीन पुसली आणि निघून गेला. समितीने पुढची तारीख दिली, दहा दिवसांनंतरची.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती दोन्ही दिवस बाकावर डबा घेऊन बसली आणि दोन्ही दिवस तो तसाच परत घरी नेला. मॅडमनी सल्ला दिला की सहाऐवजी दोन तासांची चाचणी मागून घे, समिती नाही म्हणणार नाही. तिने साफ नकार दिला. वॉर्डातली बाळं दोन तासांत तपासून होणार नव्हती.

तिने ठरवलं, चूक झाली ना, मग ती चूक नीट समजून घ्यायची. तिने दहा नळ्या घेतल्या, दहाही स्पिरिटने ओल्या केल्या, दहा भोकांत बसवल्या आणि पंपाचा जोर दिला. नळ्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या. तिने वहीत लिहिलं: ओला जोड, निसटतो. पुन्हा दहा. नऊ निसटल्या. दहावीला हात लावणार तेवढ्यात ताईचा फोन आला.

ताई बराच वेळ बोलली. जेवत नाहीस, बोलत नाहीस, सराव बंद पडला की काय, असं सगळं विचारून झालं. शेवटी तिने विचारलं, भांडण झालं का? हो, मी भांडले, असं ही म्हणाली. मग माफी माग की, असं म्हणून ताईने फोन ठेवला.

ती परत आली आणि राहिलेली दहावी नळी उपटायला गेली. नळी येईना. तिने जोर लावला. नळीबरोबर चिप उचलली गेली, चिपबरोबर खालची काच, आणि सगळं लटांबर तिच्या हातात हवेत लोंबू लागलं. ती तशीच उभी राहिली. ताईशी बोलण्यात अर्धा तास गेला होता, आणि अर्ध्या तासात स्पिरिट उडून गेलं होतं. ओली असताना नळी निसटते. पण ओली असताना ती आत शिरतेही सहज, आणि वाळली की रबर तिला आवळून धरतं.

मग भोक आणखी लहान का पाडू नये? कोरडी नळी ज्यात कधीच गेली नसती, इतकं लहान? तिने सगळ्यात बारीक पंच घेतला, भोक पाडलं, नळीला स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दाबलं. नळी आत गेली. तिने घड्याळ लावून अर्धा तास वाट बघितली. अर्ध्या तासात तिने टेबल दोनदा पुसलं आणि खिडकी तीनदा उघडून बंद केली. मग पंप चालू केला, जोर दुप्पट केला, तिप्पट केला. जोड कोरडा ठाक होता.

ती चिप हातात घेऊन जिना उतरली, उतरली म्हणजे जवळजवळ पळालीच.

वॉर्डात बाहेरच्यांना जायची वेळ नव्हती. काचेपलीकडे तो एका बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने तिला पाहिलं, आणि तोंड फिरवलं नाही, पण पुढेही आला नाही. तिने काचेवर टकटक केली. मग नळीचं टोक चिमटीत धरून चिप हवेत लोंबती सोडली आणि झुलवून दाखवली.

त्याला कळेना. त्याने भुवया उंचावल्या.

तिने खिशातून कापसाचा बोळा काढला. बोळा नळीवर फिरवला. नळी घातल्यासारखं केलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, हाताची घडी घालून वाट बघितल्यासारखं केलं, कंटाळल्याचं नाटकही केलं. मग पुन्हा नळी ओढली, दोन्ही हातांनी ओढली, आणि चिप सुटत नाही म्हणून तोंड वाकडं केलं. आतल्या दोघी सिस्टर काम सोडून बघायला लागल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू उमटायला लागलं, आणि मग तो हसला. बाळ खांद्यावर असल्यामुळे आवाज न करता हसला, पण खांदे हलत होते.

त्याने बाळाला ठेवलं आणि तो दारात आला.

"मी बोलले ते चुकीचं होतं," ती म्हणाली. धाप लागली होती. "सगळ्यांसमोर बोलले, तेही चुकीचं होतं. आणि तुम्ही खरं सांगितलंत, ते... ते मला नंतर कळलं."

"पण नळी माझ्यामुळेच निघाली."

"निघाली, म्हणून तर हे सापडलं. तुम्ही पुसलं नसतं तर मी आयुष्यभर गोंद लावत बसले असते."

तिच्या हातातली चिप घेऊन त्याने एकदा नळी ओढून पाहिली, मग पुन्हा, जरा जोरात.

"हात लावलेला चालतो का?" त्याने विचारलं.

"उद्या साडेबारा," ती म्हणाली. "पुसायचं तुम्ही, बसवायची मी. आणि डबा आणा, दोन दिवस मला एकटीला डबा खाववला नाही."

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी बाहेर सकाळपासून पावसाची रिपरिप होती. त्याने जोड पुसले, तिने नळ्या बसवल्या, आणि दोघं अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कुणाला कशाला हात लावू दिला नाही. दहा वाजता पंप सुरू झाला. मोठे डॉक्टर या वेळी काळे बूट घालून आले होते आणि टेबलापासून दोन हात लांब बसले होते.

अकरा वाजले. बारा. एक. ती दर दहा मिनिटांनी जोडाखालचा पांढरा कागद बघायची आणि वहीत 'कोरडा' लिहायची. त्याची ड्युटी होती, तो वॉर्डातून येता-जाता दारातून डोकावायचा. ती मान हलवायची, तो जायचा. दोन वाजता पुन्हा गाठ अडकली, आत जोर चढला, पंप घरघरला. जोड जागचा हलला नाही आणि गाठच मुकाट वाहून गेली. इंजिनिअरने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

तीन वाजून गेले आणि मेट्रनबाई तासाच्या नोंदीवर सही करायला उठल्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्या वळल्या, जुडगा नळीत अडकला, आणि त्यांनी दोन पावलं टाकली.

नळी ताणली गेली, टेबलावरून उचलली गेली, वळसा सरळ झाला... आणि टेपने धरलं. जुडगा सुटला. नळी परत आपल्या जागी येऊन पडली. दारात तो उभा होता, एक हात पुढे आलेला, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला होता. सगळे कागदावर वाकले. कागद पांढरा होता.

चार वाजता तिने शेवटचं 'कोरडा' लिहिलं आणि पेन ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी सही केली. चिप पुढच्या आठवड्यापासून वॉर्डात लागणार होती.

खोली रिकामी झाल्यावर तो आवरायला आला. टेप सोडवता सोडवता तो म्हणाला, "झालं मग. आता वर यायला मला कारण राहिलं नाही... गळती तर थांबली."

"मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"सांगा."

"तुम्ही मला आवडता. नुसते नाही, खूप. हे मी आज सकाळी दहाच्या आधी ठरवलं होतं. चिप गळली असती तरी सांगणार होते, तेव्हा आनंदाच्या भरात बोलते आहे असं समजू नका."

टेपचा तुकडा त्याच्या बोटाला चिकटला होता. तो काढायच्या नादात दुसऱ्या बोटाला चिकटला. दिवसाला शंभर टेप लावणाऱ्या माणसाला तो एक टेप सोडवता येईना.

"मला वाटायचं," तो अखेर म्हणाला, "सगळे मला ब्रदर म्हणतात, तुम्हीच कधी म्हणत नाही. म्हणजे मी काही... खास वाटत नसेन."

"बाकी सगळ्यांचे व्हा ब्रदर. मी नाही म्हणणार, कधीच."

"मग काय म्हणणार?"

"अहो म्हणते की," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं. पण शब्द मागे घ्यायची तिची पद्धत नव्हती. तिने नजर खाली केली नाही.

"मला वाटतं, मी त्या पहिल्या दिवशीच..." तो म्हणाला, आणि वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. त्याची गरजही नव्हती.

पुढच्या सोमवारी सकाळी चिप वॉर्डात लागली. पहिला नंबर त्याच बाळाचा होता, ठिपक्यांच्या टाचेचं. त्याने टाच पुसली, टोचली, एक थेंब उचलला आणि नळीच्या तोंडाशी सोडला. "झालं राजा," तो म्हणाला, आणि या खेपेला खरंच झालं होतं. बाळाने रडायला तोंड उघडलं होतं, पण रडण्याजोगं काही उरलं नाही असं बघून ते जांभई देऊन झोपून गेलं.

ती पडद्यावर आकडे उमटताना बघत होती. एक तपासणी, दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या एका थेंबात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

दुपारी साडेबाराला दोघं डबे घेऊन त्याच कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. ती बोलत होती: दुसऱ्या वॉर्डासाठी चिपा किती लागतील, भोकं आणखी बारीक पाडता येतील का, नळ्या कुठून आणायच्या. बोलता बोलता तिने हात उंचावला. त्याने तिचं मनगट धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच, आणि आपल्या हातात ठेवून घेतलं. तिला कुठे काही लागलेलं नाही, हे या वेळी त्याला पक्कं ठाऊक होतं.